‘गोन्सालो’ : नांव, उच्चार आणि वारसा

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत चर्चच्या इमारतीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा व आपल्या निरनिराळ्या संस्थांचा इतिहास इतर लेखकांनीं सविस्तर दिलेला आहे. आम्हीं येथें एका लहानशा विषयाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. तो विषय म्हणजे एक नांव. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत एकदां लिहिलेलें नांव मनुष्यास जन्मभर साथ करितें, आणि तो गेल्यावर थडग्याच्या दगडावरहि तेंच उरतें. कोणत्याहि ख्रिस्ती समाजाची भक्ति कोणत्या काळीं कोणत्या संतांकडे वळली होती हें पाहावयाचें असेल, तर त्या समाजानें आपल्या लेकरांस कोणतीं नांवें दिलीं हें पाहावें.

हल्लीं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षें झालेलीं जोडपीं बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख ठरविण्यास येतात, तेव्हां बहुधा एकच मागणी करितात : ‘फादर, नांव संताचें असावें, पण दर घरांत ऐकूं येणारें नसावें.’ अशा वेळीं आम्ही ‘गोन्सालो’ हें नांव सुचवितों. त्यावर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, हें नांव नक्की उच्चारावयाचें कसें? आणि दुसरा, असलें नांव आतां ठेवतो कोण? हे दोन्ही प्रश्न वाजवी आहेत, आणि त्यांचें उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु होय.

प्रथम ज्या पुरुषामुळें हें नांव आम्हांस प्रिय, त्याची ओळख थोडक्यांत करून घेऊं. सन 1534 च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, सुमारें 1556-57 सालीं, वसईंत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई याच कोंकणपट्टींतील. वसईंतच येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें व ऐन कोंवळ्या वयांत ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथें त्यांनीं जपानी भाषा उत्तम आत्मसात् केली व धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफळ झाली नाहीं. तेव्हां कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला, त्यांत जमहि बसविला. परंतु मन रमलें नाहीं. अखेर मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले. सन 1593 मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता हे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो यांस त्यांनीं बरोबर घेतलें. हिदेयोशीच्या दरबारांत फादरांचे शब्द जपानी भाषेंत पोंचविले ते वसईच्या या पुत्रानें.

पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली. सन 1596 च्या डिसेंबरांत अटकसत्र झालें. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक अशा सव्वीस जणांना, कान छाटून, भर थंडींत क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें, व 5 फेब्रुवारी 1597 रोजीं तेथील टेंकडीवर क्रूसावर भाल्यांनीं भोंसकून मारण्यांत आलें. त्यांत बारा-तेरा वर्षांचीं पोरेंहि होतीं. गोन्सालो यांचें वय त्या वेळीं सुमारें चाळीस होतें. सन 1627 मध्यें आठवे उर्बन यांनीं त्यांस धन्य म्हणून व 8 जून 1862 रोजीं नववे पायस यांनीं संत म्हणून घोषित केलें. भारतभूमींत जन्मलेल्यांपैकीं संतपदास चढलेले ते पहिले. संत आल्फोन्सा यांस तो मान मिळाला 2008 सालीं, आणि गोंव्याचे संत जोसेफ वाझ यांस 2015 सालीं. म्हणजे आमच्या वसईचा पुत्र दुसऱ्या भारतीय संतांच्या जवळजवळ दीडशें वर्षें आधीं वेदीवर विराजमान झाला होता.

आतां नांवाकडे वळूं. ‘गोन्सालो’ हा शब्द पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांत आहे, तथापि त्याचें मूळ त्या भाषांहून जुनें आहे. रोमचें साम्राज्य ढासळल्यावर गॉथ नांवाचे लोक त्या द्वीपकल्पांत राज्य करूं लागले. त्यांच्या भाषेंत ‘गुंद’ म्हणजे युद्ध. तोच शब्द या नांवाच्या पूर्वार्धीं आहे. पुढें लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांनीं त्याचें ‘गुंडिसाल्वुस’ असें रूप केलें, आणि त्याच्या उत्तरार्धांत लॅटिन भाषेंतील ‘साल्वुस’, म्हणजे ‘सुरक्षित’ किंवा ‘तारलेला’, हा शब्द ऐकूं येऊं लागला. युद्धांतून तारलेला, असा या जोडीचा अर्थ कोणी केला, तर आमच्या रक्तसाक्ष्याच्या बाबतींत तो अशोभनीय म्हणतां येणार नाहीं.

या नांवाचे दुसरेहि थोर पुरुष होऊन गेले. पोर्तुगालमधील आमारान्ते गांवचे डोमिनिकन संघीय धन्य गोन्सालो हे तेराव्या शतकांतील. त्यांचा सण 10 जानेवारीला असतो, व लोक त्यांस प्रेमानें संतच म्हणतात. ब्राझीलमधील रिओ शहराजवळचें ‘सांव गोन्सालो’ हें मोठें नगर त्यांच्याच नांवानें आहे. तद्वत् गोंव्याच्या येशूसंघाचे प्रांताधिकारी असलेले फादर गोन्सालो दा सिल्वेरा यांनीं 1561 सालीं आफ्रिकेंतील मोनोमोतापाच्या राज्यांत श्रद्धेसाठीं प्राण दिला. पोर्तुगालमध्यें एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांतहि मुलांच्या आवडत्या नांवांत गोन्सालो हें होतें, आणि स्पेन, चिली, अर्जेंटिना व उरुग्वे या देशांत तर तें घरोघर ऐकूं येतें. तेव्हां जें नांव आपल्याकडे दुर्मिळ वाटतें, तें जगांत मुळींच दुर्मिळ नव्हे. तें दुर्मिळ आहे तें त्या संताच्या जन्मगांवीं! या विसंगतीचा विचार आपणच केला पाहिजे.

विसंगति येथेंच संपत नाहीं. नांव दुर्मिळ असलें तरी त्याचें लेंकरूं मात्र आपल्या गांवोगांवीं नांदत आहे. पोर्तुगीज भाषेंत बापाच्या नांवास ‘एस’ हा प्रत्यय लागला कीं ‘त्याचा मुलगा’ असा अर्थ होतो. रोद्रिगोचा मुलगा रॉड्रिग्ज, फर्नांदोचा फर्नांडिस, लोपोचा लोपीस, आल्वारोचा आल्वारिस, नूनोचा न्यूनिस. आणि गोन्सालोचा मुलगा तो गोन्साल्विस. हें आडनांव वसईपासून गोंव्यापर्यंत व तेथून मंगळूरपर्यंत पसरलेलें आहे. आपल्या नोंदवह्या चाळीत बसलें म्हणजे गोन्साल्विस हें आडनांव पानोपानीं भेटतें, पण गोन्सालो हें पाळण्यांतील नांव शोधावें लागतें. सर्व ‘गोन्सालोचीं मुलें’ येथें आहेत. खुद्द गोन्सालो मात्र क्वचितच!

आतां उच्चाराचा प्रश्न. शाळेंत हजेरी घेतांना एखादे गुरुजी ‘गोंकालो’ म्हणतात, दुसरे ‘गॉन्झॅलो’ म्हणतात, आणि बिचारा मुलगा कोणत्या हांकेस ‘हजर’ म्हणावें या विवंचनेंत पडतो. या घोटाळ्याचें कारण साधें आहे. पोर्तुगीज लिपींत या नांवांतील ‘सी’ या अक्षराखालीं एक लहानशी शेपटी काढतात. ती असली म्हणजे त्या अक्षराचा उच्चार ‘स’ होतो. इंग्रजी टंकयंत्रावर ती शेपटी नव्हती, म्हणून ती गळाली, आणि उरलेल्या अक्षरास लोक ‘क’ वाचूं लागले. गोन्साल्विसचें ‘गोंकाल्व्हिस’ झालें तेंहि याच मार्गानें. स्पॅनिश लोक तेथें ‘झेड’ लिहितात. परंतु त्याचा उच्चार ते ‘झ’ करीत नाहींत. स्पेनच्या बऱ्याच भागांत जिभेचें टोंक दांतांत धरून तो होतो, आणि अमेरिका खंडांतील स्पॅनिश बोलणारे साधा ‘स’च म्हणतात. तेव्हां ‘झ’ला आधार पोर्तुगीजांचा नाहीं व स्पॅनिशांचाहि नाहीं, तो केवळ इंग्रजी वाचनाच्या संवयीचा आहे.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. मराठींत ‘स’च्या मागें अनुस्वार आला कीं आपण शुद्ध ‘न’ उच्चारीत नाहीं. ‘संसार’, ‘हंस’, ‘संस्था’ हे शब्द मोठ्यानें म्हणून पाहावे, म्हणजे नाकांतून येणारी ‘व’सारखी एक छटा कानीं पडेल. म्हणून ‘गोंसालो’ असें लिहिलें तर मराठी माणूस तें ‘संसार’च्या चालीवर वाचील. मौज अशी कीं, पोर्तुगीज उच्चारहि पुष्कळसा तसाच आहे. तेथें ‘गो’ हें अक्षर नाकांतून येतें व स्पष्ट ‘न’ लागत नाहीं. तरीसुद्धां आपल्या धर्मप्रांतांत, चर्चमध्यें व महाविद्यालयाच्या पाटीवर ‘गोन्सालो’ असेंच अर्ध्या ‘न’चें लेखन रूढ झालें आहे, आणि एकरूपतेसाठीं तेंच ठेवावें असें आम्हांस वाटतें. जोर ‘सा’वर द्यावा : गोन्-सा-लो.

तिसरी गोष्ट शेवटच्या स्वराची. पोर्तुगीज मनुष्य हें नांव घेतो तेव्हां शेवटचा ‘ओ’ इतका मिटतो कीं कानाला ‘उ’ भासतो. आपल्या वाडवडिलांचे कान या बाबतींत फार तीक्ष्ण होते. पेद्रोचें ‘पेद्रू’ त्यांनीं केलें तें अडाणीपणानें नव्हे. जसें ऐकलें तसेंच म्हटलें. ‘ताबाको’ची ‘तंबाखू’ झाली ती याच न्यायानें. आणि शेवटचा ‘ए’ असाच मिटून ‘शावे’ची ‘चावी’ व ‘पाद्रे’चा ‘पाद्री’ झाला. या शब्दांवर आज सर्व महाराष्ट्राचा संसार चालतो. म्हणून एखाद्या आजीनें नातवास ‘गोन्सालू’ म्हणून हांक मारली, तर तिची चूक काढूं नये; तिची जीभ इंग्रजी शाळेंत शिकलेल्यांपेक्षां लिस्बनला अधिक जवळ आहे. वसईंतील कित्येक घराण्यांनीं तर आडनांवांतील ‘ग’लाहि हकार देऊन ‘घोन्सालविस’ असें रूप केलें व तें कागदोपत्रीं लिहिलें. मनवेल, इनास, पास्कू या नांवांप्रमाणेंच तीहि आमच्या मातीची छाप होय, आणि आम्ही तिला अपभ्रंश म्हणावयास तयार नाहीं.

खुद्द संतांचें नांव त्यांच्या हयातींत किती मुखांतून गेलें असेल, याचा विचार करावा. वडील पोर्तुगीज रीतीनें हांक मारीत असतील, आई आपल्या कोंकणी वळणानें. मनिलांत त्यांचे स्पॅनिश बंधु आपल्या भाषेंतील रूप वापरीत असतील. जपानी भाषेंत ‘ल’ हा निराळा वर्ण नाहीं, त्यामुळें तेथील लिपींत आज त्यांचें नांव ‘गोन्सारो’ असें उमटतें. या सर्व हांकांना त्यांनीं ‘ओ’ दिली. तेव्हां शुद्ध उच्चार शिकावा, शिकवावा, पण उच्चार कठीण म्हणून नांवच टाकावें हा न्याय नव्हे. ‘फ्रान्सिस’ व ‘झेवियर’ हीं नांवें पहिल्यानें कोंकणांत आलीं तेव्हां तीं सोपीं होतीं काय? संवयीनें तीं सोपीं झालीं.

मग हें नांव आपल्याकडे रुजलें कां नाहीं? आमच्या मतें याचीं कारणें चार आहेत. पहिलें ऐतिहासिक. सन 1739 मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली व निरनिराळ्या संघांचे धर्मगुरू किल्ला सोडून गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे मठ व त्या मठांतून चालणारी विशेष संतांची भक्तिहि मागें पडली. त्या वेळीं गोन्सालो हे केवळ ‘धन्य’ होते. खेड्यांतील चर्चमध्यें त्यांची वेदी नव्हती. दुसरें कारण काळाचें. संतपदाची घोषणा 1862 सालीं झाली तेव्हां इंग्रजी अंमल स्थिर झाला होता, आणि मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीस जाणाऱ्या आपल्या लोकांचा ओढा इंग्रजी वळणाच्या नांवांकडे लागला होता. तिसरें कारण आडनांवाचें. गोन्साल्विस घराण्यांत ‘गोन्सालो गोन्साल्विस’ हें कानाला विचित्र लागे, आणि इतरांस तें नांव आडनांवासारखें वाटे. चौथें कारण पंचांगाचें. रोमन पंचांगांत 1969 च्या सुधारणेनें 6 फेब्रुवारीला या रक्तसाक्ष्यांचा स्मरणदिन आला, पण तो ‘संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती’ या नांवानें. सोबत्यांत आमचा माणूस आहे, हें ज्याला कोणी सांगितलें नाहीं त्याला कळावें कसें?

यांपैकीं कांहीं कारणें आतां उरलीं नाहींत. सन 1998 मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गास येथील चर्च व वसई येथील महाविद्यालय संत गोन्सालो गार्सिया यांच्या नांवानें उभें आहे. हजारों विद्यार्थी, त्यांत अन्यधर्मीय पुष्कळ, तें नांव आपल्या प्रमाणपत्रांवर वागवितात. दगडी कमानीवर नांव चढलें; पण लेकराच्या कपाळीं अजून क्वचितच चढतें. आम्हांस खंत आहे ती एवढीच.

येथें कोणी विचारील कीं, धर्माज्ञा काय आहे? ट्रेंट धर्मपरिषदेनंतर 1566 सालीं निघालेल्या रोमन धर्मशिक्षणग्रंथानें संताचें नांव द्यावें असा उपदेश केला. हेतु असा कीं मुलानें त्या संताचें अनुकरण करावें व त्याचा आश्रय धरावा. सन 1917 च्या धर्मसंहितेनें (कलम 761) धर्मगुरूवर अशी जबाबदारी टाकली कीं मुलास ख्रिस्ती नांव दिलें जावें, आणि आईबाप ऐकत नसतील तर त्यांनीं दिलेल्या नांवास संताचें नांव जोडून दोन्ही नांवें वहींत लिहावीं. सन 1983 च्या संहितेनें (कलम 855) हा नियम सौम्य केला : ख्रिस्ती भावनेशीं विसंगत नांव दिलें जाऊं नये, याची काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनीं घ्यावी, इतकेंच. म्हणून मराठी नांवें ठेवणाऱ्यांना आम्ही कधीं अडवीत नाहीं. आनंद, प्रकाश, करुणा हीं नांवें ख्रिस्ती भावनेस सोडून आहेत असें कोण म्हणेल?

परंतु एक आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. ‘गोन्सालो हें परकीयांचें नांव, तें आतां कशाला?’ असें कोणी म्हणतात, आणि तेच आपल्या मुलास इंग्रजी चित्रपटांतील नटाचें नांव देतात. शब्द परकीय आहे हें आम्हीं वर स्वतःच सांगितलें. परंतु शब्द कोठला, याबरोबर तो कोणी वागविला हेंहि पाहावयास नको काय? ज्यानें तें नांव वागविलें त्याची आई आपल्या मातींतील होती. तो आपल्या खाडीचें पाणी पिऊन वाढला. आणि परक्या देशांत, परक्या भाषेंत, प्रभूची सुवार्ता सांगतां सांगतां क्रूसावर गेला. त्याच्या रक्तानें तें नांव आपलें झालें. आपण तें टाकलें तर चिलींतील व पोर्तुगालमधील आईबाप तें ठेवतीलच. मात्र वसईच्या मुलास ‘तुझ्या गांवचा संत कोण?’ असें विचारल्यावर तो मुका राहील.

ज्यांना हें नांव पटेल त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या सूचना. पहिली, नांव कसें लिहावयाचें तें स्नानसंस्कारापूर्वींच ठरवावें, आणि बाप्तिस्म्याची नोंदवही, सरकारी जन्मदाखला व शाळेचा दाखला या तिन्हींत देवनागरी व रोमन दोन्ही लिपींत तेंच रूप ठेवावें. एका कागदावर ‘एस’, दुसऱ्यावर ‘झेड’ व तिसऱ्यावर ‘सी’ अशी गत झाली, म्हणजे पारपत्राच्या वेळीं कुटुंबास हेलपाटे पडतात, व दुरुस्तीसाठीं आमच्याकडे यावें लागतें. दुसरी, ज्यांना आडनांवामुळें अडचण वाटते त्यांनीं तें दुसरें नांव म्हणून ठेवावें. ‘आनंद गोन्सालो’ यांत मराठीचाहि मान राहतो आणि संताचाहि.

आणि नांव ठेवून थांबूं नये. दरवर्षीं फेब्रुवारीच्या सहा तारखेस त्या मुलाला मिस्सेला आणावें, आणि तो कळता झाला म्हणजे त्यास सांगावें कीं ज्याचें नांव तूं वागवितोस तो दुभाषी होता. एकाचें म्हणणें दुसऱ्याला प्रामाणिकपणें पोंचविणें हें त्याचें काम होतें, आणि त्या कामांत त्यानें प्राण दिला. मुलास नांवाचा अर्थ असा आईबापांच्या तोंडून कळला, तर हजेरींत कोणी ‘गोंकालो’ म्हटलें तरी तो उभा राहून नम्रपणें सांगेल, ‘गुरुजी, गोन्सालो.’

महोत्सवाचें वर्ष हें मागें पाहण्याचें वर्ष, तसेंच पुढील नोंदवहीचें पहिलें पान उघडण्याचेंहि वर्ष होय. त्या पानांवर हें नांव वरचेवर लिहिण्याचा योग आम्हांस, व आमच्यानंतर येथें येणाऱ्या धर्मगुरूंस, यावा अशी आमची संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें प्रभुचरणीं प्रार्थना आहे.